पुणं हुकलं, सांगली-कराड-सातारा मिळालं: पर्यायी कॉलेजात नीट रुजण्यासाठी पायरी-पायरीनं

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मवर वरची दहा-बारा नावं पुण्या-मुंबईची, आणि अलॉटमेंट लेटरवर नाव आलं सांगलीचं, कराडचं, इस्लामपूरकडचं नाहीतर साताऱ्याचं. सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या पहिल्या वर्षात दरवर्षी असे कितीतरी विद्यार्थी असतात. त्यातले बरेचसे दिवाळीपर्यंत रमतात, पुढे तर आपल्या धाकट्या भावंडांना इथलंच कॉलेज सुचवतात. काही जण मात्र चारही वर्षं 'मला खरं तर दुसरीकडे जायचं होतं' म्हणत काढतात. दोघांचे सीईटीचे पर्सेंटाइल जवळपास सारखेच असतात. फरक पडतो तो पहिल्या तीन महिन्यांतल्या साध्या निर्णयांनी: प्रवेशाच्या फेऱ्या कधी थांबवायच्या, खोली कुठे घ्यायची, पहिली परीक्षा कशी द्यायची, रविवारी कुठे असायचं. ते निर्णय इथे क्रमानं मांडले आहेत. उदाहरणं इंजिनिअरिंगची आहेत, पण सांगलीच्या विलिंग्डन किंवा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात बी.एस्सी.ला आलेल्यांनाही चौथ्या पायरीपासूनचं बरंचसं लागू पडेल.

१. पुढची फेरी खेळायची की इथेच थांबायचं, हे आधी ठरवा

२०२५-२६ च्या प्रवेशांत कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची, दुसरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसरीत पहिल्या सहापैकी जागा मिळाली तर ती आपोआप फ्रीझ होत होती, म्हणजे तीच पक्की आणि पुढची फेरी बंद. त्याखालची पसंती मिळाली तर जागा स्वीकारून बेटरमेंटसाठी, म्हणजे वरच्या पसंतीसाठी, पुढच्या फेरीत जाता येत होतं. तुमच्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेत हा नियम स्वतः वाचा. सीनियरनं सांगितलेला नियम गेल्या वर्षीचा असतो.

इथला सगळ्यात मोठा सापळा असा: पुढच्या फेरीत फॉर्ममधली दुसरी जागा मिळाली की हातातली जागा आपोआप जाते. 'नको, मला आधीचीच बरी होती' म्हणायची सोय नाही. त्यामुळे बेटरमेंटच्या फॉर्ममध्ये फक्त तीच नावं टाका जी मिळाली तर सामान उचलून तुम्ही खरोखर जाल. कराडच्या शासकीय कॉलेजातली मेकॅनिकलची जागा हातात असताना, निव्वळ पुण्याचा पत्ता आहे म्हणून कुठल्या तरी अनोळखी खासगी कॉलेजचं नाव खाली भरणं, आणि नेमकं तेच मिळणं, हे होतं. अशा वेळी मुलगा रडतो आणि पालक सीईटी सेलला फोन करत बसतात. उपयोग होत नाही.

थांबायचं की नाही हे ठरवायला तीन प्रश्न पुरतात. तिथे मिळू शकणारी ब्रँच आणि इथे मिळालेली ब्रँच एकच आहे का? चार वर्षांच्या खर्चातला फरक किती? फी, खोली, मेस, प्रवास सगळं कागदावर मांडा, नुसती फी नको. आणि तिसरा: तिथे गेल्यावर असं नेमकं काय करणार आहात, जे इथे करताच येणार नाही? तिसऱ्याचं उत्तर एका वाक्यात लिहिता आलं नाही, तर इथेच थांबा.

पहिल्या वर्षाला बसून चोरून पुन्हा सीईटीचा अभ्यास करायचा, हा बेत बहुतेकांचा फसतो. इकडे गणित आणि मेकॅनिक्सचे विषय राहतात, तिकडे पर्सेंटाइल वाढत नाही. पुन्हा परीक्षा द्यायचीच असेल तर प्रवेश वेळेत रद्द करून पूर्ण वर्ष द्या. दोन्ही डगरींवर हात ठेवू नका.

२. कागदपत्रांची फाईल: इथे चूक झाली तर पैशात आणि जागेत बसते

रिपोर्टिंगला जाताना मूळ प्रत आणि किमान तीन-तीन झेरॉक्स:

- अलॉटमेंट लेटर आणि जागा स्वीकारल्याची पावती
- सीईटी स्कोअरकार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका
- शाळा किंवा ज्युनिअर कॉलेज सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी
- अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला
- लागू असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस दाखला
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- आधार, बँक पासबुक, पासपोर्ट फोटो
- रॅगिंगविरोधी हमीपत्र, विद्यार्थ्याचं वेगळं आणि पालकांचं वेगळं

सगळ्याचं रंगीत स्कॅन करून फोनमध्ये आणि घरच्या कोणाकडे तरी ठेवा. एलसी बहुधा कॉलेजकडे मूळ जमा होतो. म्हणून जमा करण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती काढा, कारण पासपोर्टपासून शिष्यवृत्तीपर्यंत तो लागत राहतो. बाकीची मूळ कागदपत्रं तपासून झाली की परत मागून घ्या.

दोन गोष्टींत विद्यार्थी हमखास अडकतात. पहिली म्हणजे नॉन-क्रीमीलेअरची मुदत. ती कोणत्या ३१ मार्चपर्यंत आहे ते दाखल्यावरच लिहिलेलं असतं, मागच्या वर्षीचा दाखला चालत नाही. दुसरी म्हणजे 'वैधतेसाठी अर्ज केल्याची पावती'. पावतीवर प्रवेश मिळतो, पण दिलेल्या तारखेपर्यंत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर तुम्हाला खुल्या प्रवर्गात धरलं जातं आणि मिळालेली जागा जाऊ शकते. जात पडताळणी समितीच्या कार्यालयात वेळेआधी चौकशी करा. शेवटच्या आठवड्यात तिथे रांग असते.

३. शिष्यवृत्ती: महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज पहिल्याच महिन्यात

कौटुंबिक उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून खुल्या प्रवर्गातल्या पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. विकास शुल्क, हॉस्टेल, मेस यांचा त्यात समावेश नाही, हे पालकांना आधीच सांगा, नाहीतर काउंटरवर वाद होतात. घराबाहेर राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याचा अर्ज वेगळा.

पैसे न येण्याचं सर्वांत सामान्य कारण बँक खातं. महाडीबीटीचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, अर्जात तुम्ही टाइप केलेल्या खात्यात नव्हे. गावाकडच्या सोसायटीच्या किंवा बंद पडलेल्या खात्याला आधार जोडलेलं असलं तर रक्कम तिथेच जाते किंवा परत फिरते. बँकेत जाऊन 'आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे' एवढं विचारा, मगच अर्ज भरा. आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज आपणहून भरावा लागतो.

टीएफडब्ल्यूएसमधून, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या जागेवर, आलेल्यांनी लक्षात ठेवायचं: या जागेवर प्रवेश पक्का झाल्यावर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. सवलत मोठी आहे, बदल्यात ही अट आहे.

४. राहण्याची जागा: सांगलीत पूररेषा, साताऱ्यात चढ, कराडला पूल

प्रवेशाचा हंगाम म्हणजे जुलै-ऑगस्ट, आणि सांगलीत कृष्णेच्या पुराचा हंगामही तोच. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. २००५ आणि २०२१ लाही शहरात शिरलं होतं. खोली बघताना घरमालकाला थेट विचारा, '२०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं?' ते लपवत नाहीत, भिंतीवरची खूण दाखवतात. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, कर्नाळ रोड, शामरावनगर या बाजूला भाडं कमी दिसलं तर कारण हेच असू शकतं. निदान तळमजला नको. विश्रामबाग त्या मानानं सुरक्षित आणि वालचंद इंजिनिअरिंग आणि विलिंग्डन ही दोन्ही कॉलेजं तिथेच, त्यामुळे थोडं जास्त भाडं देऊनही तीच बाजू बरी.

कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय विद्यानगर-सैदापूरला, म्हणजे गावापासून कृष्णेच्या पलीकडच्या तीरावर. गावात स्वस्त खोली घेतली तर रोज पूल ओलांडावा लागतो. रेल्वे स्टेशन ओगलेवाडीला आहे, तेही गावाबाहेरच. राजारामनगरचं आरआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज इस्लामपूर गावापासून, म्हणजे आताच्या ईश्वरपूरपासून बाजूला आहे. तिथे पहिल्या वर्षी हॉस्टेल मिळालं तर दुसरा विचार करू नका. साताऱ्यात पोवई नाका आणि सदर बझार कडून सगळीकडे जायला सोपं पडतं, राजवाड्याच्या वरच्या अंगाला चढ आहे आणि पावसाळा लांबतो. साताऱ्याचं स्टेशन माहुलीला, तेव्हा पहाटेच्या गाडीनं उतरणाऱ्यांनी पुढच्या रिक्षाचा विचार आधी करावा.

कॉट बेसिसवर खोली घेताना चार गोष्टी लेखी घ्या: डिपॉझिट किती आणि कधी परत, लाइट बिल कसं वाटणार, मे-जूनच्या सुट्टीचं भाडं द्यायचं का, सोडताना किती दिवस आधी सांगायचं. सुट्टीतल्या भाड्यावरून सर्वांत जास्त भांडणं होतात.

मेस लावताना आधी आठवडाभर कूपनवर जेवून पाहा, मगच महिन्याचे पैसे भरा. खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचा, नियम विचारा. काही खानावळी सलग तीन-चार दिवसांच्या खाड्याचेच पैसे वजा करतात, तेही आदल्या दिवशी सांगितलं तर.

घर तालुक्यातच असेल तर बोनाफाईड घेऊन एसटीचा विद्यार्थी पास काढा. भाड्याच्या साधारण एक तृतीयांशात महिना जातो.

५. पहिले सहा आठवडे

उशिराच्या फेरीतून आलात तर वर्ग सुरू झालेले असतील. पहिल्याच दिवशी ही कामं करा: वर्गशिक्षकांना भेटून हजेरी कोणत्या तारखेपासून धरणार ते विचारणं, प्रॅक्टिकलची बॅच लिहून घेणं, वर्गाच्या सीआरकडून (वर्गप्रतिनिधीकडून) नोट्स आणि झालेल्या असाइनमेंट मिळवणं, आणि एखादी चाचणी हुकली असेल तर विभागप्रमुखांना लेखी अर्ज. तोंडी 'बघू' वर विसंबू नका, अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

स्वायत्त कॉलेजात, म्हणजे जिथे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच ठरवतं तिथे, गुण तुकड्या-तुकड्यांनी जमतात: आयएसई (सत्रभर चालणारं मूल्यमापन), एमएसई (सत्राच्या मध्यावरची परीक्षा), ईएसई (सत्राअखेरची परीक्षा). बारावीसारखं शेवटच्या महिन्यात सगळं खेचून आणता येत नाही. पहिल्या सत्राच्या मध्यावरची एमएसई हलक्यात घेणारे बहुतेक वेळा तेच असतात ज्यांचं मन अजून दुसऱ्या शहरात असतं. गणित, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल यांतला एखादा विषय राहिला तर त्याचं ओझं तिसऱ्या वर्षापर्यंत येतं, कारण कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या सहसा 'लाइव्ह बॅकलॉग नको', म्हणजे एकही विषय राहिलेला नको, ही अट घालतात.

ब्रँच बदलण्याच्या आशेवर आलेल्यांसाठी स्पष्टच सांगायला हवं. पहिल्या वर्षानंतर बदल होतो, पण रिकाम्या जागा असल्या तर, आणि सीजीपीएच्या (सरासरी श्रेणी गुणांच्या) क्रमानं. कॉम्प्युटरच्या जागा क्वचितच रिकाम्या होतात. आशा ठेवा, गुण मिळवा, पण मिळालेल्या ब्रँचचा पाया पक्का करत राहा. स्वायत्त कॉलेजांत दुसऱ्या ब्रँचचा मायनर (जोड-अभ्यासक्रम) घेता येतो, आणि सिव्हिल किंवा मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला डेटा किंवा प्रोग्रॅमिंगचा मायनर खरोखर उपयोगी पडतो. कोणत्या सत्रात अर्ज करायचा आणि किती सीजीपीए लागतो, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

पहिल्या महिन्यात निदान दोन रविवार इथेच काढा. दर शनिवारी पुण्याच्या मित्रांकडे जाणाऱ्याची इथे कोणाशीच ओळख होत नाही, आणि मग 'इथे काही नाही' हे त्याला पटत जातं.

६. इथे जे आहे ते शोधायला शिका

वालचंद कॉलेज १९४७ चं, २००७ पासून स्वायत्त. कराडचं शासकीय कॉलेज १९६० चं. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी आणि राजारामनगरचं आरआयटी दोन्ही १९८३ ची. एवढ्या वर्षांत माजी विद्यार्थी सगळीकडे पसरले आहेत, आणि लहान शहराच्या कॉलेजातून गेलेला माणूस तिथल्या मुलाच्या मेसेजला बहुधा उत्तर देतो. मेसेज कसा लिहायचा? चार ओळी: नाव, ब्रँच, वर्ष, आणि एकच नेमका प्रश्न. 'सर, मार्गदर्शन करा' याला कोणी काय उत्तर देणार! 'पंप डिझाइनमध्ये जायचं तर तिसऱ्या वर्षाआधी कोणतं सॉफ्टवेअर शिकू?' याला उत्तर येतं.

कॉलेजच्या टीपीओकडून (प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडून) प्लेसमेंटची यादी मागा आणि ती नीट वाचा. सर्वांत मोठं पॅकेज बाजूला ठेवा. तुमच्या ब्रँचमधले किती विद्यार्थी पात्र होते, त्यातले किती लागले, आणि मधल्या विद्यार्थ्याला किती मिळालं, हे तीन आकडे बघा. एकाच विद्यार्थ्याच्या दोन ऑफर दोनदा मोजल्या आहेत का, तेही विचारा.

आता आजूबाजूचा परिसर. याबाबतीत सांगली-सातारा कमी लेखले जातात आणि त्याचं वाईट वाटतं, कारण इंजिनिअरला शिकण्यासारखं इथे दाराशी आहे. किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना आहे, तिथले पंप देशभर जातात. फलटणला इंजिन बनवणाऱ्या कमिन्सचं मोठं संकुल आहे. कोयना प्रकल्पाची १९६० मेगावॅटची वीजनिर्मिती, डोंगराच्या पोटातली वीजगृहं, १९६७ चा भूकंप आणि त्यानंतर चाललेला अभ्यास, त्यासाठी कराडला असलेली केंद्र सरकारची भूभौतिक प्रयोगशाळा: सिव्हिल आणि इलेक्ट्रिकलवाल्यांनी हे पाहायलाच हवं. पाटणच्या पठारावर वनकुसवड्याच्या पवनचक्क्या आहेत. म्हैसाळची उपसा सिंचन योजना कृष्णेचं पाणी जत-कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यात टप्प्याटप्प्यानं उचलून नेते, आणि तिच्या वीजबिलाचा प्रश्न आपण वर्तमानपत्रात वाचतो. पंपांची कार्यक्षमता हा त्यावरचा उत्तम प्रोजेक्ट आहे.

साखर कारखान्यात इंटर्नशिप करणाऱ्यांनी महिना विचारपूर्वक निवडावा. गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, सहवीजनिर्मिती आणि प्रक्रिया चालू दिसते. केमिकल आणि इलेक्ट्रिकलला तो काळ चांगला. मे-जूनमध्ये गाळप बंद आणि ओव्हरहॉलिंग सुरू असतं, मिलचे रोलर, टर्बाइन उघडलेले असतात; मेकॅनिकलच्या विद्यार्थ्यानं तेव्हाच जावं. तासगाव भागात बेदाण्याची शेडं आहेत. वाळवणीच्या दोन आठवड्यांत अवकाळी पाऊस आला की माल काळवंडतो. शेडमधल्या आर्द्रतेची सूचना फोनवर देणारं स्वस्त उपकरण, सांगलीच्या बाजारातल्या हळदीची प्रत ओळखणारा कॅमेरा, असे विषय घेतले तर परीक्षेतले बाहेरचे परीक्षक खुर्चीत पुढे सरकून ऐकतात, कारण तोच 'स्मार्ट डस्टबिन' त्यांनी सकाळपासून पाहिलेला असतो.

परवानगीसाठी विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, बोनाफाईड, विम्याची प्रत, आणि सेफ्टी शूज. शेवटची वस्तू नसली तर गेटवरून परत पाठवतात.

७. मोठ्या शहराची उणीव कशी भरायची

ती आहे, हे मान्य करावं. मीटअप, दर आठवड्याची हॅकेथॉन, चालत जाता येईल अशी इंटर्नशिप इथे कमी. त्यावर उपाय: एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन, कोर्स मोफत पाहता येतात आणि परीक्षा दिली तर स्वायत्त कॉलेजांत त्याचं क्रेडिट घेता येऊ शकतं, आधी विभागाची मंजुरी घ्या. गेट, म्हणजे एम.टेक.साठीची परीक्षा, तिसऱ्या वर्षापासून देता येते. सरावासाठी एकदा आणि खऱ्यासाठी एकदा, असा हिशेब ठेवा. दुसऱ्या वर्षानंतरची उन्हाळी इंटर्नशिप बाहेरच्या शहरात घ्या, अर्ज नोव्हेंबरपासूनच सुरू करा. खर्च कमी असल्यामुळे घरातून जे पैसे वाचले त्यातले थोडे या दोन महिन्यांसाठी बाजूला ठेवायला आई-वडिलांना आत्ताच सांगा.

८. 'कुठे मिळालं?' या प्रश्नाचं काय करायचं

लग्नकार्यात हा प्रश्न येणारच. कॉलेजचं नाव, ब्रँच, आणि सध्या काय शिकताय ते सांगा, कट-ऑफची कहाणी सांगू नका. पालकांनीही पाहुण्यांसमोर 'थोडक्यात पुणं हुकलं' म्हणणं थांबवावं. शेजारी बसलेलं मूल ते ऐकत असतं.

दोन आठवडे वर्गात जावंसंच वाटत नाही, झोप-जेवण बिघडलंय, असं झालं तर तो आळस समजू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२.

९. खरंच जमत नसेल तर

वर्षभर प्रामाणिकपणे करूनही जमलं नाही, तर दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलायचा मार्ग आहे. तिकडे जागा रिकामी हवी, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत हवी, आणि दोन्हीकडच्या अभ्यासक्रमांची समकक्षता जुळायला हवी. विद्यापीठ वेगळं असेल तर दोन-तीन विषय पुन्हा द्यावे लागतात. बॅकलॉग असताना याच्या मागे लागू नका.

प्रवेशच रद्द करायचा असेल तर तो कॅपच्या अंतिम मुदतीआधी, ऑनलाइन अर्ज करून आणि त्याची प्रत कॉलेजात सहीनिशी देऊन. मुदतीत केलं तर एक हजारापर्यंतची प्रक्रिया फी वगळून रक्कम परत मिळते. मुदत गेली की जवळपास सगळंच अडकतं. एलसी आणि परताव्यासाठीचा बँक तपशील त्याच दिवशी मार्गी लावा, आणि हॉस्टेलचं डिपॉझिट वेगळ्या अर्जानं मागा, ते फीच्या परताव्यात आपोआप येत नाही.